शांततेची नोटीस आम्हालाच का?

दोस्तांनो, आधी एक साधा हिशोब मांडतो. गावात, शहरात, चाळीत कुठंही तणाव झाला की पहिला कागद कुणाच्या हातात पडतो? ज्यानं धमकी दिली त्याच्या? छट्. ज्याला धमकी दिली त्याच्या. सभा आमची, पण उधळून लावू म्हणणारा दुसराच. फौजदार मात्र आमच्या दारात उभा : ‘तुमच्यामुळं शांतताभंग होण्याची शक्यता आहे.’ तुमच्यामुळं! म्हणजे घर जळायची शक्यता आहे म्हणून घरवाल्यालाच सांगायचं, घरात राहू नका. काडेपेटीवाला बाहेर बिडी ओढत उभा.

या एका शब्दाभोवती सगळं फिरतंय : सुव्यवस्था. बोलू नका, सुव्यवस्था बिघडेल. जमू नका, सुव्यवस्था बिघडेल. धर्म बदलू नका, सुव्यवस्था बिघडेल. मग आपण हे विचारलंच पाहिजे की ही सुव्यवस्था नावाची बया आहे कुणाची? गावकुसाबाहेर आमचे बापजादे हजारो वर्षं गपगुमान राहिले तेव्हा ती ठणठणीत होती. आम्ही तोंड उघडलं आणि लगेच ती आजारी पडली?

मी कामथडीचा. भोर तालुका, पुणे-सातारा हायवे. पोटासाठी पुण्यात असतो, पण रेशनकार्डावरचं गाव कसं पुसणार! आमच्या जवळच कापूरहोळला हायवे सोडून रस्ता भोरकडं वळतो. भोरहून पुढं वरंधा घाट, आणि घाट उतरला की महाड. शहरातल्या पोरांना महाड म्हणजे पुस्तकातला धडा वाटतो, २० मार्चला स्टेटसवर टाकायचा फोटो वाटतो. आम्हाला तो एका घाटापलीकडचा गाव आहे. म्हणून बोलणं, जमणं आणि धर्म या तीन स्वातंत्र्यांची गोष्ट मी दिल्लीच्या संविधान सभेपासून नाही, महाडपासून सांगतो. ती तिथूनच सुरू होते.

०

१९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद आमच्या बाजूचा. पाणी मात्र त्यांच्याच बाजूचं. तीन वर्षं कुणाची छाती झाली नाही त्या तळ्याला हात लावायची.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं रांगेनं निघाली आणि पाणी प्याली. यात बेकायदेशीर काय होतं? काहीच नाही. हत्यारं नव्हती. आरडाओरडा नव्हता. ठराव पाठीशी होता. मग झालं काय? गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. नुसती आवई. तेवढ्यावर परिषदेला आलेल्या, जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्या चालल्या. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. उचलला असता तर त्या दिवशी महाडात काय झालं असतं, याचा विचार करा. आणि मग विचारा, त्या दिवशी सुव्यवस्था कुणी राखली?

पुढचं तर अजून लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात परिषद पुन्हा भरणार म्हटल्यावर सवर्ण कोर्टात गेले. तळं खासगी आहे म्हणाले आणि मनाई हुकूम घेऊन आले. परिषदेला जागा द्यायला गावात हिंदू मिळेना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. २५ डिसेंबरला माणसं जमली. कोर्टाचा हुकूम आहे म्हणून तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी लांबणीवर टाकला. पण त्याच रात्री मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारा गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हा जन्मानं ब्राह्मण होता, हेही लक्षात असू द्या. जातीच्या जन्माखातर कुणाला शिवी घालणाऱ्या आपल्यातल्या वाचाळांनी तर जरूर लक्षात ठेवावं.

आता मोजा. माणसं जमली, हे सभास्वातंत्र्य. ग्रंथ जाळला, भाषणं केली, हे विचारस्वातंत्र्य. धर्माच्या नावानं लादलेली गुलामी नाकारली, हे धर्मस्वातंत्र्य. आणि कोर्टाचा हुकूम पाळूनही माघार घेतली नाही. दहा वर्षं खटला लढवला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकला. संविधानाचं १९ वं आणि २५ वं कलम कागदावर यायला तेव्हा अजून वीसेक वर्षं होती. कलमं नंतर लिहिली. माणसांनी ती आधी जगून दाखवली.

०

काही शहाणे म्हणतात, स्वातंत्र्य तर भोर संस्थानातही होतं. हा मुद्दा आमच्या भागात नेहमी निघतो. हा सगळा मुलूख पंतसचिवांचा. शेवटचे राजे रघुनाथराव यांना सुधारक म्हणतात. अस्पृश्यता काढली, प्रजेला संघटनेची, वर्तमानपत्राची मोकळीक दिली, असं श्रेय त्यांना दिलं जातं. असेल. मला राजाशी भांडण नाही. चांगल्याला चांगलं म्हणावं.

पण ‘मोकळीक दिली’ या शब्दावर मी थांबतो. दिली म्हणजे कुणीतरी वर बसलाय आणि कुणीतरी खाली हात पसरलाय. राजाला आज वाटलं, दिली. उद्या राणीला वाटलं नाही, काढून घेतली. परवा दिवाण बदलला, पुन्हा अर्ज करा. शिळ्या भाकरीसारखं हे स्वातंत्र्य. वाढलं तर ‘जोहार मायबाप’ म्हणायचं, नाही वाढलं तर उपाशी झोपायचं. आमच्या बापजाद्यांनी असल्या मेहेरबानीवर पिढ्या काढल्या.

८ मार्च १९४८ ला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं. फरक एका वाक्यात सांगतो : संस्थानात मोकळीक राजाच्या मर्जीनं होती, संविधानात सरकारच आमच्या मर्जीनं आहे. कलम १९ मध्ये नागरिकांना भाषणाचा आणि शांततेनं, शस्त्राविना जमण्याचा हक्क आहे. ‘हक्क’ म्हटलंय, ‘परवानगी’ नाही. आणि तो हिरावला तर थेट सुप्रीम कोर्टाचं दार ठोठवायचा अधिकार ३२ व्या कलमात आहे. त्याच कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. का? कारण दार ठोठवता येत नसेल तर हक्क म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

पण आज फौजदारापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात अजून पंतसचिवच बसलेत. परवानगी ‘देतो’ म्हणतात. आणि आपली पोरंही परवानगी ‘मिळाली’ म्हणून पेढे वाटतात!

०

आता विरोधकाचा मुद्दा प्रामाणिकपणे घेऊ. तो म्हणतो, हक्क अमर्याद नाहीत. कलम १९ च्या पोटातच सुव्यवस्थेचं बंधन आहे, आणि ते तुमच्या बाबासाहेबांनीच घातलं. अर्धं खरं आहे. मूळच्या १९ (२) मध्ये सुव्यवस्था हा शब्द नव्हता. १९५० मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘क्रॉसरोड्स’ साप्ताहिकाच्या, म्हणजे रोमेश थापर यांच्या, खटल्यात सरकारची बंदी उडवली. मग १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली आणि सुव्यवस्था आत शिरली. कायदेमंत्री बाबासाहेब होते आणि त्यांनी संसदेत दुरुस्तीची बाजू मांडली. हे लपवायचं कारण नाही. आम्ही देव पुजणारे नाही, माणूस वाचणारे आहोत.

पण त्याच दुरुस्तीत आणखी एक शब्द आला, तो विरोधक गिळून टाकतो. बंधन ‘वाजवी’ पाहिजे. वाजवी आहे की नाही हे ठरवणार कोण? फौजदार नाही. कलेक्टर नाही. कोर्ट. म्हणजे बंधन घालणाऱ्यालाच जाब द्यावा लागेल, अशी ती तरतूद आहे. सुव्यवस्थेच्या नावाखाली काहीही चालेल, असं संविधान कुठंही म्हणत नाही.

कोर्टांनीही हे सांगितलंय. १९७२ मध्ये अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की रस्त्यावरच्या सभांना नियम लावता येतील, पण सभाच होऊ नये अशी मनमानी सत्ता पोलिसाला देता येणार नाही. २०२० मध्ये काश्मीरच्या अनुराधा भसीन खटल्यात म्हटलं की १४४ चे हुकूम पुन्हापुन्हा काढत राहणं हा सत्तेचा गैरवापर आहे.

आणि १९८९ चा रंगराजन खटला प्रत्येक कार्यकर्त्यानं तोंडपाठ करावा. एक तामिळ पिक्चर. त्यात राखीव जागांवर टीका. होय, आपल्याविरुद्धचाच पिक्चर. दाखवला तर दंगल होईल, म्हणून बंद करा, अशी मागणी. सुप्रीम कोर्ट म्हणालं, निदर्शनांची आणि हिंसेची धमकी आहे म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येणार नाही. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते जमत नाही हा बहाणा चालणार नाही. म्हणजे काडेपेटीवाल्याला धरा, घरवाल्याला नको. पिक्चर आपल्याविरुद्धचा, निकाल आपल्या उपयोगाचा. कायदा असा असतो. तो माणूस बघून बदलला तर तो कायदा राहत नाही, गावकी होते.

आता जमिनीवर काय चाललंय ते बघा. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. जिल्ह्याजिल्ह्यात दर पंधरवड्याला हुकूम निघतो : पाच किंवा जास्त माणसं जमू नयेत, मिरवणूक काढू नये, परवानगी घ्यावी. पंधरवडा संपला की पुन्हा तोच हुकूम, फक्त तारीख बदलून. १४४ चं नाव १ जुलै २०२४ पासून १६३ झालं, १४९ च्या नोटिशीचा आकडा १६८ झाला. आकडे बदलले, थोबाड तेच.

मागं एका गावी, नाव सांगत नाही, जयंतीच्या मिरवणुकीसाठी आम्ही अर्ज दिला. वाटेत काही टगे उभे राहणार, निळा झेंडा चावडीपुढून जाऊ देणार नाही म्हणत होते. हेही आम्हीच अर्जात लिहिलं, म्हणजे बंदोबस्त मिळेल. बंदोबस्त आला तो नोटिशीच्या रूपानं. आमच्या अकरा पोरांच्या नावानं. ‘काही अनुचित घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.’ टग्यांपैकी एकाच्याही नावानं चिटोरा नाही. का नाही विचारलं तर साहेब हसून म्हणाले, ‘त्यांनी कुठं अर्ज केलाय?’ बघा मजा. हक्क वापरायला अर्ज करणारा गुन्हेगार, आणि अर्ज न करता धमकी देणारा सज्जन. मिरवणूक निघाली. चावडीवरून न जाता मागच्या बोळातनं. गावानं म्हटलं, काय शांततेत पार पडलं! ही त्यांची शांतता.

०

मित्रांनो, हा बोळ फार लांब आहे. जरा मागं बघू.

१५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढाले यांनी लेख लिहिला. झेंड्याच्या अपमानाला किती शिक्षा आणि दलित बाईच्या अब्रूला किती दंड, एवढाच हिशोब मांडला होता. गदारोळ उठला तो झेंड्यासाठी. बाईसाठी कोण उठलं? जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीपाशी पँथरची सभा झाली. दगड सभेवर आले, लाठ्या कुणाच्या पाठीवर पडल्या ते वरळीकरांना विचारा. १० जानेवारीला मोर्चा निघाला तेव्हा वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. मोर्चात चालणं एवढाच त्याचा गुन्हा.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. ठराव सरकारचा, आणि घरं पेटली आमची. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं, आणि तेही नामांतर नाही, नामविस्तार. आता आमच्या शेजारचा वेल्हे तालुका घ्या. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, वेल्ह्याचं नाव राजगड. कुणाचं झोपडं जळलं? कुणाला नोटीस? राजगड या नावाला माझा विरोध नाही. शिवाजी राजांचा किल्ला आहे, आमच्या डोळ्यासमोरचा. पण नाव बदलल्यानं सुव्यवस्था बिघडते हा नियम आहे की नाही, ते एकदा सांगून टाका. की ती नावावर अवलंबून असते?

१९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढा म्हणून मराठा महासंघ आणि शिवसेना रस्त्यावर. खंडाची होळी झाली. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. माणसं हुतात्मा चौकापर्यंत गेली आणि शांतपणे परत आली. मग शिवसेनेच्या नेत्यांनी काय केलं? तो चौक गोमूत्र-गंगाजलानं धुतला. १९२७ ला तळं, १९८८ ला चौक. मधे एकसष्ट वर्षं, स्वातंत्र्य, प्रजासत्ताक, सगळं झालं. हातातलं भांडं तेच. परिशिष्टाबद्दल सरकार सहमत नाही अशी टीप टाकून तोड निघाली, पण मजकूर राहिला. तो राहिला कारण माणसं जमली. बोलण्याचं स्वातंत्र्य वाचवलं जमण्याच्या स्वातंत्र्यानं. एक गेलं की दुसरं जातं, हे यातून शिका.

११ जुलै १९९७. घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याला चपलांची माळ, म्हणून जमलेल्या वस्तीवर राखीव पोलिसांच्या गोळ्या. दहा मेले. माळ घालणाऱ्यावर नाही, माळ बघून रडणाऱ्यांवर गोळ्या.

३१ डिसेंबर २०१७. पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद. दुसऱ्या दिवशी भीमा-कोरेगावला अभिवादनाला गेलेल्या माणसांवर दगड. अटक कुणाला? परिषदेच्या प्रकरणात सोळा जणांना. कवी, वकील, प्राध्यापक, कलावंत. त्यातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. बाकीच्यांची वर्षं खटला उभा राहायच्या आतच तुरुंगात कुजली. निकालात दोषी ठरले तर शिक्षा, हा कायदा. इथं शिक्षा आधी, निकाल कधी ते माहीत नाही.

०

आता नवीन हत्यार. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. २०२४ च्या जुलैत आलं, ओरड झाली, संयुक्त समितीकडं गेलं, बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या. आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर करून टाकलं. कशासाठी? म्हणे कडव्या डाव्या संघटना. बंदुकवाल्यांसाठी आधीच कायदे पडलेत ढिगानं. हा कायदा बंदुकीवर नाही, शब्दावर नेम धरतो. बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं. सुव्यवस्थेला धोका असेल तर बेकायदेशीर कृत्य. ‘धोका’ कुणाच्या मते? प्रस्थापित कायदा आणि संस्था यांची अवज्ञा करायला सांगणं, हेही बेकायदेशीर कृत्य. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा नुसता सभासद असलात तरी तीन.

या कलमांत महाड बसवून बघा. मनुस्मृतीची होळी ही दिसणारी खूण. सवर्णांची माथी भडकणार हे माहीत असून केलेली. सात वर्षं? १९३० ते ३५ नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह. तिथल्या प्रस्थापित रूढीची उघड अवज्ञा. सात वर्षं? आज मंत्री महाडला जाऊन तळ्यावर फुलं वाहतात आणि मुंबईला येऊन असल्या कायद्यावर हात वर करतात. पुतळ्याला हार आणि पुतळ्याच्या वाटेवर जाणाऱ्याला बेड्या, ही यांची आंबेडकर-भक्ती.

मला कुणी म्हणेल, तू कम्युनिस्टांची तरफदारी करतोस. नाही करत. त्यांच्याशी आपलं जुनं भांडण आहे, ते चालू राहील. पण कायद्यात ज्या शब्दानं आज त्यांना बांधतात, त्याच शब्दानं उद्या आपल्याला बांधतील. दोरीला पक्ष नसतो.

०

धर्माचंही तेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतला. कुणा कलेक्टरला विचारून घेतला का? २५ वं कलम प्रत्येक माणसाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, धर्म मानायचं, आचरायचं, प्रसार करायचं. सदसद्विवेक म्हणजे माझं डोकं. माझ्या डोक्यात काय शिरलं आणि काय बाहेर काढलं याचा अर्ज मी तहसीलला का द्यावा?

पण ओरिसानं १९६७ मध्ये, मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये धर्मांतरावर कायदे केले आणि १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरले. नाव मोठं गोड : धर्मस्वातंत्र्य. गुजरातनं २००३ मध्ये तसाच कायदा केला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या गृहखात्यानं परिपत्रक काढलं : हिंदूतून बौद्ध व्हायचं असेल तरी जिल्हादंडाधिकाऱ्याची आधी परवानगी. बघा कसं आहे. एरवी म्हणणार, बौद्ध म्हणजे हिंदूच की हो, एकाच घरातले. घरातनं बाहेर पडायला लागलो की दाराला कुलूप, किल्ली कलेक्टरकडं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनंही पोलीस महासंचालकाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायदा करण्यासाठी. धर्मावरच्या समितीचा अध्यक्ष पोलीस! सक्तीनं धर्म बदलवला तर त्याला शिक्षा करा, आमचं काही म्हणणं नाही. पण या देशातली सगळ्यात मोठी धार्मिक सक्ती जन्मानं झाली, आमच्यावर झाली. त्यावर कुठली समिती?

मुसलमानाच्या, ख्रिस्त्याच्या प्रार्थनेवर गर्दी चालून जाते तेव्हा आपली काही पोरं म्हणतात, आपल्याला काय त्याचं. फत्तेखाननं असं म्हटलं असतं तर १९२७ च्या डिसेंबरात मांडव कुठं पडला असता?

०

शेवटचं बोलणं आपल्याच पोरांशी. हे कडू लागेल, लागू दे.

२०१२ मध्ये शाळेच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून वादळ उठलं. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेलं चित्र. गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागं चाबूक घेतलेले नेहरू. मला विचाराल तर ते चित्र शाळेच्या पुस्तकात ठेवण्यात संपादकांची नजर चुकली. वर्गात आपलं पोर एकटं आणि बाकीचे हसणारे चाळीस, हे त्यांना दिसलं नाही. यावर लिहायचं होतं, बोलायचं होतं, त्या पुस्तकाच्या चिंध्या शब्दांनी करायच्या होत्या. आपल्याच चळवळीचं नाव घेणारी काही पोरं पुणे विद्यापीठात घुसली आणि सुहास पळशीकर यांच्या ऑफिसची मोडतोड करून आली. काय मिळवलं? चित्र काय म्हणतं यावरची चर्चा संपली, आणि आपण काय फोडलं यावरची सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पांढरपेशांना म्हणता आलं, बघा, यांनाही टीका सहन होत नाही.

भावना दुखावल्या! हे शब्द आपल्या तोंडी शोभतात का? ज्यांच्या भावना दुखावतात म्हणून आपल्याला विहिरीवर येऊ दिलं नाही, देवळात येऊ दिलं नाही, ‘रिडल्स’ छापू देईनात, त्यांचीच भाषा आपण उसनी घ्यायची? भावनेच्या बाजारात संख्येला भाव असतो. ते पंचाऐंशी, आपण पंधरा. त्यांच्या भावना नेहमीच जास्त दुखावणार. आपल्याकडं तेवढी डोकी नाहीत, पण आपल्या डोक्यात जे आहे ते त्यांच्याकडं नाही. ‘रिडल्स’ म्हणजे काय? प्रश्न. आपला जन्मच प्रश्न विचारण्यातनं झाला. बंदी हे घाबरलेल्याचं हत्यार आहे. आपण बंदी मागितली की कुलपाचा कारखाना आपणच चालू केला, आणि पहिलं कुलूप आपल्याच तोंडाला बसणार.

मारहाणीला, बाईच्या विटंबनेला, जातीवरून जाहीर अपमानाला अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, तो पूर्ण ताकदीनं लावा. तो बोलण्यावरची बंदी नाही, तो दुबळ्यावरच्या हल्ल्याविरुद्धचा आधार आहे. माणसावरचा हल्ला आणि मताचा विरोध यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं निळा झेंडा जरा वेळ खाली ठेवावा आणि वाचायला बसावं.

मग करायचं काय? घोषणा पुष्कळ झाल्या, आता कामं सांगतो. पुढच्या जयंतीला, परिषदेला, नाटकाला अर्ज द्याल तेव्हा ‘परवानगी मिळावी’ असं लिहू नका. ‘कलम १९ (१) (ब) प्रमाणे आम्ही अमुक दिवशी जमणार आहोत, संरक्षण द्यावं’ असं लिहा. पोचपावती घ्या. नकार दिला तर तोंडी ऐकू नका, कारणासकट लेखी मागा. तुमच्या नावानं नोटीस आली तर धमकी देणाऱ्याच्या नावानं तक्रार त्याच दिवशी द्या आणि विचारा, त्याची नोटीस कुठंय? प्रत्येक वस्तीत एक फाइल करा : किती अर्ज, किती नकार, किती नोटिसा, कुणाच्या नावानं. आपल्या वकिलांना ती फाइल हवी असते, आपली भाषणं नको असतात. शेजारच्या मशिदीवर, चर्चवर, युनियनच्या सभेवर कुणी चालून आलं तर तिथं जाऊन उभे रहा. आणि आपल्यावर टीका करणाऱ्याची सभा कुणी उधळायला निघालं, तर तिथंही उभे रहा. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी सांगितलं.

आम्ही कामथडी आणि आसपासची पोरं येत्या जयंतीचा अर्ज याच शब्दांत देणार आहोत. मिरवणुकीचा मार्गही त्यातच लिहिणार आहोत : चावडीपुढून. तुम्ही पुण्या-मुंबईची पोरं तुमच्या अर्जात काय लिहिणार, ते कळवा.

जय भीम.